दुर्मिळता आणि कर्तृत्व : बुगाटी रोयाल मोटारीचें मोल

मोटारींचे संग्राहक आणि पोथ्यांचे संग्राहक एकाच कुळांतील होत, असें आमचें मत झालें आहे. 'एकमेव' हा शब्द कानीं पडतांच दोघांनाहि भुरळ पडते, आणि वस्तूनें केलें काय, हा प्रश्न मागें राहतो. फ्रान्सांतील बुगाटी कारखान्याची रोयाल ही मोटार याचें ठळक उदाहरण होय.

एत्तोरे बुगाटी यानें तिचा पहिला नमुना १९२६ सालीं सिद्ध केला. पुढील गाड्यांचें एंजिन आठ नळकांड्यांचें, सुमारें पावणेतेरा लिटरांचें. लांबी एकवीस फुटांच्या घरांत. पंचवीस गाड्यांचा बेत होता. झाल्या सात, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांनीं घेतल्या अवघ्या तीन. पैकीं पहिली घेणारे एस्देर्स हे रात्रीं गाडी हांकीत नसत, म्हणून तिला पुढचे मोठे दिवेच बसविले नव्हते! १९२९ नंतरच्या मंदींत एवढी महाग वस्तु कोण घेणार? म्हणजे ही दुर्मिळता गिऱ्हाईक न मिळाल्याची आहे. तरी उरलेल्या सहांपैकीं एक १९८७ सालीं लंडनच्या लिलांवांत ५५ लक्ष पौंडांस गेली.

त्याच कारखान्याच्या टाइप ३५ जातीच्या गाड्यांनीं सिसिलींतील टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी रस्त्यांवरील शर्यत १९२५ पासून १९२९ पर्यंत सलग पांच वर्षें जिंकली. त्या शेंकड्यांनीं निघाल्या, हाच काय तो त्यांचा दोष.

रोयालचें एंजिन मात्र नालायक नव्हतें. त्या जातीचीं एंजिनें बुगाटीनें लोहमार्गावर धांवणाऱ्या डब्यांत घातलीं, आणि १९३३ पासून तीं उतारूंची ने-आण करूं लागलीं. आज मुलूझ शहरीं एका संग्रहालयांत दोन रोयाल आहेत, दुसऱ्यांत तसला एक डबा. आमचें पहिलें नमन डब्यास.

दोन्ही गुण एकत्र नांदल्याचें उदाहरण मोटारसायकलींत सांपडतें. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यानें १९२४ सालीं काढलेल्या एसएस १०० या यंत्राबरोबर, ताशीं शंभर मैल वेग गांठल्याची लेखी हमी मिळे. यंत्रें थोडींच झालीं. पण पुराव्याची चाड असणाऱ्या आम्हांस त्या संख्येहून तो कागद मोलाचा वाटतो.

हें लिहिण्यास निमित्त घरचेंच आहे. पूर्वीं आम्हीं एका व्याकरणविषयक टीकेची पोथी 'अन्यत्र अनुपलब्ध' म्हणून ऐपतीबाहेरची किंमत देऊन घेतली व स्नेह्यांत मिरविली. पुढें सवडीनें वाचूं लागतां दिसलें कीं, टीकाकारास सूत्रांचा पदच्छेदहि धड साधलेला नाहीं. तिची दुसरी प्रत कोणीं कां केली नाहीं, तें तेव्हां उमगलें! सूचीकारांनीं 'एकमेव' असा शेरा मारतांना, ती प्रत एकमेव कां राहिली, हेंहि शक्य तेथें एका ओळींत नोंदवावें. आमच्या यादींत त्या पोथीपुढें ती ओळ आम्हीं नुकतीच लिहिली; किंमत मात्र खोडलेली नाहीं.