पेरणीच्या दिवसांतील पंगत

निजामाच्या राजवटीत परभणी जिल्ह्यातील देवस्थाने व दर्गे यांना लावून दिलेल्या जमिनींची नोंद खिदमतमाश इनाम म्हणून सरकारी दप्तरात होत असे. जमीन किती, ती कोणाच्या नावे, तिच्या मोबदल्यात कोणती सेवा, हे सारे तीत येई. परंतु पंढरीच्या वाटेवरील अनोळखी वारकऱ्याला ज्या घरांनी भाकरी घातली, त्यांचा उल्लेख ना अतियातीच्या म्हणजे इनाम खात्याच्या कागदांत, ना पटवाऱ्याच्या वहीत. आणि ज्या प्रथेला सनद नाही तिला इतिहास नाही, हे मत मला सर्वथा अमान्य आहे.

या अन्नदानाचे मोल जाणावयाचे तर ऋतुमान ध्यानी घ्यावे लागते. शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाची पायी पालखी १९६८ पासून पंढरपुरास जाते, आणि परभणी, दैठणा, गंगाखेड असे मुक्काम करीत ती परळीकडे वळते ते दिवस साधारणतः मृग-आर्द्रा नक्षत्रांचे असतात. येथील कुणब्याच्या वर्षातला हाच काळ सर्वांत ओढगस्तीचा: रब्बीची ज्वारी कणगीच्या तळाशी गेलेली, बी-बियाण्यासाठी सोसायटीची वा सावकाराची पायरी चढावी लागलेली, आणि पावसाचा भरवसा नाही. अशा वेळी घरोघरच्या भाकऱ्यांच्या चळती पंगतीकडे निघतात, कोणी आमटीची पातेली आणतो, कोणी पाण्याची सोय करतो, आणि रात्री थकल्या वारकऱ्याचे पाय चेपणारा तरुण पहाटे तिफणीमागे उभा राहतो. सुगीतल्या दानाला मी कमी लेखीत नाही; पण स्वतःची चिंता उशाशी असताना परक्याचा दिवस सुखाचा करणारे हे औदार्य मला अधिक थोर वाटते.

गोदावरीकाठचे गंगाखेड ही तर संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसतो. दुसऱ्याचे कष्ट वाटून घेणे हे देवाचेच काम, ही भावना या भूमीत इतकी जुनी आहे. पंगतीत वाढणारे पुरुष सर्वांना दिसतात, परंतु पहाटेपासून चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रिया कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. या प्रथेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांच्यातील वृद्धांकडे जावे, आपल्या सासूने कोणत्या दिंडीला जेवू घातले होते हे विचारावे, आणि ते विनाविलंब लिहून घ्यावे.