सीआरपी वाढला म्हणजे नेमकं काय? रक्तातल्या दाहाच्या टेस्ट समजून घेऊया

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली सीआरपी, एचएस-सीआरपी, ईएसआर ही नावं हमखास दिसतात. कोविडच्या काळात तर सीआरपी आणि फेरिटिन हे शब्द घराघरात पोहोचले. पण रिपोर्टमध्ये यातला एखादा आकडा ठळक अक्षरात आला, की एक तर घरात घबराट उडते, नाहीतर "काही होत नाही" म्हणून फाईल कपाटात जाते. या आकड्यांवरून काय कळतं आणि काय कळत नाही, ते पाहूया.

दाह म्हणजे काय?

बोट कापलं की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि दुखते. हाच दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. जंतूंशी लढायला आणि झालेली इजा भरून काढायला शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. काम झालं की दाह ओसरतो.

काही वेळा मात्र तो मंद आचेवर वर्षानुवर्षे चालू राहतो. पोटाभोवतीची चरबी, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार ही त्याची नेहमीची कारणं. असा दाह बऱ्याचदा जाणवतही नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साठतो, तिथेही दाह चालू असतो. हा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी झाली की हार्ट अटॅक येऊ शकतो.

सीआरपी कुठून येतो?

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तो न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाशी प्रक्रिया करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन.

हे प्रोटीन मुख्यतः यकृतात तयार होतं. दाह सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश रक्तात सोडतात आणि यकृत कामाला लागतं. साधारण ६ तासांत पातळी वाढू लागते आणि ४८ तासांच्या आसपास सर्वात वर जाते. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तास असतं. त्यामुळे कारण दूर झालं की आकडा काही दिवसांत खाली येतो.

मशीन काय मोजतं?

सीआरपीला चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावलेले अतिसूक्ष्म लॅटेक्सचे कण रक्ताच्या नमुन्यात मिसळतात. सीआरपी जितका जास्त, तितके कण एकमेकांना चिकटतात आणि द्रव गढूळ होतो. त्यातून प्रकाश सोडून गढूळपणा मोजला की आकडा मिळतो.

साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी हे एकच प्रोटीन. एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी. ही टेस्ट अगदी कमी पातळीही नीट मोजते, म्हणून हृदयरोगाचा धोका पाहायला ती वापरतात. ताप किंवा इन्फेक्शनसाठी साधी सीआरपी पुरते.

आकडा कसा वाचायचा?

आधी युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका लॅबचा ०.६ आणि दुसरीचा ६ हे एकच मूल्य असू शकतं.

हृदयरोगाच्या धोक्यासाठी एचएस-सीआरपीचे नेहमीचे टप्पे (मिलिग्रॅम प्रति लिटर):

- १ पेक्षा कमी: कमी धोका
- १ ते ३: मध्यम धोका
- ३ पेक्षा जास्त: जास्त धोका
- १० पेक्षा जास्त: आधी इन्फेक्शन, जखम किंवा दाहाचा दुसरा आजार आहे का ते शोधायचं, बरं वाटल्यावर टेस्ट पुन्हा करायची

सर्दी-ताप, दाताचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातल्या कशानेही आकडा वाढतो. म्हणून एकाच टेस्टवर निष्कर्ष काढू नये. साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घेणं जास्त भरवशाचं.

आकडा खाली आणला की काम झालं?

नाही. जन्मतः सीआरपीची पातळी वर ठेवणारे जीन्स असलेल्या लोकांचा अभ्यास झाला आहे. केवळ त्या जीन्समुळे त्यांना हृदयरोग जास्त होत नाही. म्हणजे सीआरपी फक्त खूण आहे. सर्व्हरचा अलर्ट म्यूट केला म्हणून सर्व्हर दुरुस्त होत नाही, तसंच हे.

ज्या दाहाची ही खूण आहे, तो मात्र खरंच घातक आहे. २००८ च्या ज्युपिटर ट्रायलमध्ये कोलेस्टेरॉल फार जास्त नसलेल्या, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ लोकांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं. त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. पण हे औषध कोलेस्टेरॉलही कमी करतं, मग श्रेय कशाला द्यायचं?

२०१७ च्या कँटोस ट्रायलने याचं उत्तर दिलं. तिथे आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना कॅनाकिनुमॅब दिलं. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाह कमी करतं. १५० मिलिग्रॅमच्या डोसने अशा घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, कारण दाह हीच शरीराची संरक्षण यंत्रणाही आहे.

ईएसआर आणि फेरिटिन

ईएसआरमध्ये उभ्या नळीतल्या लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. वय, गरोदरपण आणि अ‍ॅनिमियामुळेही तो वाढतो. एनएफएचएस-५ नुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. त्यामुळे स्त्रियांचा वाढलेला ईएसआर हिमोग्लोबिनसोबतच वाचायला हवा.

फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवतं, पण दाहातही ते वाढतं. त्यामुळे खरं तर लोह कमी असताना रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो.

लक्षात ठेवा

- टेस्ट एचएस आहे की साधी, आणि युनिट कोणतं, ते आधी तपासा.
- टेस्टच्या आधीच्या दोन आठवड्यांत काही दुखणं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. संधिवाताची औषधं किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.
- एचएस-सीआरपी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि घरातला हृदयरोगाचा इतिहास यांच्यासोबत बघायचा असतो.
- धूम्रपान बंद करणं, वजन कमी करणं, नियमित व्यायाम आणि हिरड्यांवर उपचार यांनी मूळ दाहच कमी होऊ शकतो.
- छातीत दुखत असेल तर जुना नॉर्मल सीआरपी रिपोर्ट बघत बसू नका. हार्ट अटॅक नाही हे त्यावरून ठरत नाही. लगेच हॉस्पिटल गाठा.