डाव सोडायचा कधी?

बरेच दिवस झाले काही लिहून. मागे भाच्याला घेऊन चिखलदऱ्याला जाणं झालं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

परतवाडा सोडून घाट लागला तेव्हा हे साहेब मागच्या सीटवर मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होते. एखादा घोडा फुकट गेला की लगेच त्या छोट्या झेंड्यावर बोट. डाव खलास, नवा डाव सुरू. रेंज जाईपर्यंत पठ्ठ्याने सहा डाव सोडले. मी विचारलं, अरे थोडं लढायचं तरी. तर म्हणे, "मामा, हरलेलाच होता ना तो. मंग टाइम काऊन घालवायचा?"

मला आमचे आबाजी आठवले. अमरावतीच्या घरी ओसरीवर त्यांचा पट मांडलेला असायचा. मी वजीर गमावून उठायला लागलो की ते धोतराचा सोगा सावरत नुसते माझ्याकडे बघायचे. "पटावर राजा हाये ना अजून? मंग काऊन उठून राह्यला?" त्यांच्याशी खेळताना डाव सोडणं हा प्रकारच नव्हता. मात होईपर्यंत बसायचं, मग जेवण थंड होवो की आजी ओरडो.

त्यामागे जुन्या खेळाचा एक नियमही होता, हे मला फार उशिरा कळलं. आबाजी ज्या पद्धतीने शिकले त्यात समोरच्याची सगळी मोहरी मारली गेली आणि नुसता राजा उरला, तर ती 'बुर्जी'. म्हणजे अर्धीच जीत. त्यामुळे हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काहीतरी मिळवण्यासारखं असायचं. तो मुद्दाम आपली प्यादी मारून घ्यायला बघायचा आणि जिंकणारा त्याचं एखादं प्यादं जपून ठेवायचा. आबाजी तर पुढे जाऊन प्यादेमात करायला बघायचे. माझ्या राजाभोवती त्यांची प्यादी सरकत यायची आणि माझं एक बिचारं प्यादं कोपऱ्यात जिवंत ठेवलेलं असायचं. त्या प्याद्यावर ते दया करताहेत, असं मला तेव्हा वाटायचं!

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बुर्जी वगैरे काही नाही. डाव सोडला म्हणजे हरला, तिथेच संपलं. मोठे खेळाडू मातीपर्यंत क्वचितच जातात. पण त्यांचाही अंदाज चुकतो. 1902 साली माँटे कार्लोच्या स्पर्धेत गेओर्ग मार्को नावाच्या खेळाडूने पोपील याच्याविरुद्ध डाव सोडला. आपला अडकलेला उंट आता जाणार, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्याच उंटाची एक चाल होती आणि तिने तो डाव जिंकत होता. सव्वाशे वर्षं होत आली तरी बिचाऱ्याचं नाव या एका गोष्टीसाठी निघतं. आबाजींना हा किस्सा माहीत असता तर रोज ऐकवला असता.

असो. आम्ही गाविलगडावर पोचलो. दिल्ली दरवाज्यावरची शिल्पं बघून झाली, तळी बघून झाली, मग भाचा एका पडक्या तटावर बसला आणि मी त्याला 1803 सालची गोष्ट सांगायला लागलो.

तेव्हा वऱ्हाडातला हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात होता. दुसरे रघूजी भोसले आणि दौलतराव शिंदे एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या बाजूला. 23 सप्टेंबरला असईला (आताच्या जालना जिल्ह्यात) शिंदे-भोसल्यांचा मोठा पराभव झाला. ऑक्टोबरात तिकडे ओरिसात रघूजींचं कटक गेलं. शिंद्यांचं बुऱ्हाणपूर आणि असीरगड गेले. बुद्धिबळाच्या भाषेत बोलायचं तर वजीर आणि एक हत्ती गेल्यावरची ही स्थिती. 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ पुन्हा लढाई झाली. इंग्रजांच्या कागदांत तिचं नाव 'अरगाव' आहे. रघूजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, तिथे भोसल्यांचं सैन्य घेऊन उभे होते. सुरुवातीला तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या काही पलटणी घाबरून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना परत आणलं आणि संध्याकाळपर्यंत भोसल्यांच्या 38 तोफा त्याच्या हाती होत्या. (हाच वेलस्ली पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आपल्या तेल्हारा तालुक्यात तो येऊन गेलाय, हे आमच्या अकोल्याच्या अर्ध्या नातेवाईकांना मी पहिल्यांदा सांगितलं.)

उरला गाविलगड. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कर्नल स्टीव्हन्सनने उत्तरेच्या बाजूने यायचं ठरवलं, कारण गडाला डोंगराची सलग वाट तिकडूनच आहे. मेळघाटातून तोफा न्यायला रस्ताच नव्हता. सैनिकांनी आधी रस्ता केला आणि मग दऱ्याखोऱ्यांतून त्या अवजड तोफा हातांनी ओढत नेल्या. दक्षिणेकडून वेलस्ली लक्ष वेधून होता. तोफा सुरू झाल्या, बाहेरच्या तटाला भगदाड पडलं आणि 15 डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. आतला तट शाबूत होता, तर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तोही चढला आणि आतून दार उघडून दिलं. आत बेनीसिंह राजपूत होता. दरवाज्यापाशी पडलेल्या प्रेतांच्या ढिगात तो सापडला. आतल्या बायका शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना मारायचं ठरलेलं होतं. इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या थोड्या मेल्या, बाकीच्या जखमी सापडल्या.

आणि 17 डिसेंबरला देवगावला तह झाला.

दोन दिवसांनी! मी भाच्याला तारखा पुन्हा सांगितल्या. एवढा तह काही दोन दिवसांत लिहून होत नाही, म्हणजे गडावर तोफा चालू होत्या तेव्हा खाली बोलणी चालूच होती. त्या तहात रघूजींनी कटक-बालासोर सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, जो निजामाकडे गेला. पण एक गंमत आहे. गाविलगड आणि अकोटच्या बाजूचा नरनाळा हे दोन्ही किल्ले, लगतच्या चार लाख रुपये वसुलीच्या मुलखासह, रघूजींकडेच राहिले. ज्या किल्ल्यासाठी परवा माणसं मेली तो कागदावर परत मिळाला. डोंगरी किल्ले सांभाळायचा खर्च इंग्रजांना नको असेल, असं मला वाटतं. आबाजींच्या भाषेत सांगायचं तर कोपऱ्यातलं प्यादं ठेवलं.

त्यानंतर तेरा दिवसांनी, 30 डिसेंबरला, शिंद्यांनीही सुर्जी-अंजनगावला सही केली. तेही आपल्याच अमरावती जिल्ह्यात.

आता रघूजींनी कधी सोडायला हवं होतं? असईनंतर? कटक गेल्यावर? दोनशे वर्षांनी तटावर बसून सांगणं सोपं आहे. मला विचाराल तर अडगावनंतर पटावर काही उरलं नव्हतं, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस बेनीसिंहाच्या खात्यातून खर्च झाला. पण लवकर सोडूनही सगळं नीट झालं असतं, असं म्हणवत नाही. राज्याचा तिसरा हिस्सा गेल्यावर ती तूट उरलेल्या रयतेकडून वसूल झाली. सारा वाढला, नवे कर बसले, सैन्याचा पगार थकला तेव्हा सैन्याने कुणबी लुटला. 1811 मध्ये तर पेंढाऱ्यांनी नागपूरच्या वस्त्या जाळल्या. अशा डावात 'सोडला' म्हणून झेंड्यावर बोट ठेवलं तरी पट काही बंद होत नाही.

घरच्यांना मोर्शीकडची आपली संत्र्याची बाग आठवत असेल. झाडं वाळायला लागली तेव्हा बाबांनी आधी एक बोअर घेतली, मग दुसरी, मग तिसरी. बाग तोडा म्हणून सगळे सांगत होते, मीही. तेव्हा मला ते आबाजींचेच चिरंजीव वाटले, हट्टी. आता वाटतं की पहिल्या बोअरपर्यंत ते बरोबर होते. तिसरीचे पैसे मात्र आईच्या बांगड्यांतून आले होते, आणि आईला कोणी विचारलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसे उठलो. भाचा बराच वेळ गप्प होता. परत येताना दिल्ली दरवाज्यात थांबून म्हणाला, "मामा, पण त्या बेनीसिंहाला माहीत होतं का, खाली बोलणी चालू हायेत म्हणून?"

मी म्हटलं, कोणास ठाऊक बाप्पा.

घाट उतरताना रेंज आली. त्याने मोबाईल काढला, एक डाव सुरू केला, आणि परतवाड्याच्या नाक्यापर्यंत तोच एक डाव चालू होता. हरला शेवटी. मातच झाली.