इनाम : पुकारलेले आणि हातात पडलेले

गेल्या चैत्रात माझ्या वर्गातला एक विद्यार्थी चार दिवस गैरहजर होता. पाचव्या दिवशी आला तो कान सुजवून आणि मान आखडून. खेड तालुक्यातल्या यात्रांमध्ये कुस्त्या करून आला होता. रात्री चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम, सकाळी कॉलेज आणि यात्रांच्या हंगामात आखाडा, असे त्याचे वर्ष जाते. मी इतिहास शिकवतो, म्हणून त्याने मला विचारले, "सर, कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं-निम्मं. पण निम्मं कशाचं? भोंग्यावर पुकारलेल्याचं, का पंचांनी हातात ठेवलेल्याचं?"

मला उत्तर देता आले नाही. खरे तर हा प्रश्न मला माझ्या आजोबांनी तीस वर्षांपूर्वीच घातला होता, फक्त तो प्रश्न आहे हे मला कळले नव्हते.

आजोबा हलगी वाजवीत. आम्ही मांग. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आखाडा भरे. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग रुपयांवर, आणि ऊन कलल्यावर नेमलेल्या मोठ्या जोडी. या नेमलेल्या कुस्त्यांचा सौदा आधीच झालेला असे. पैलवान स्वतः बोलत नसे, बोले त्याचा वस्ताद. खुराकाचा खर्च, येण्याजाण्याचे भाडे, समोरचा गडी कोण, चितपट झाली तर किती, बरोबरीत सुटली तर किती, पडलेल्याच्या हाती काही ठेवायचे की नाही, हे सारे देवळाच्या ओट्यावर ठरे. पैसा गावच्या वर्गणीतला. पंचांना वर्गणी पुरवायची असे, वस्तादाला तालीम चालवायची असे. अंग मात्र पैलवानाचे.

आणि हलगीवाल्याचा दर? तो ओट्यावर कधी निघालाच नाही. हलगीवाचून कुस्तीला रंग नाही, असे सगळेच म्हणत. आजोबा म्हणायचे, "कुस्ती रंगली तर धा रुपये, नाय रंगली तर शिव्या." आमच्या वस्तीतल्या पोरांची जोड वस्तीतल्याच पोरांशी लावीत. बाहेरच्याशी लावली आणि आमचा जिंकला, तर पंचांना इनाम देणे जड जाई आणि गावाला ते पाहणे.

'इनाम' हा शब्दच मोठा लबाड आहे. जमीन दिली तरी इनाम, आखाड्यात नोट दिली तरी इनाम. दोन्हींत देणाऱ्याची मर्जी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनदारीच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच ओळख होती : गाव ज्याला महारांचे वतन म्हणते ती अहोरात्र राबवून घेण्याची सोय आहे, आणि मोबदला ठरलेला नसला की माणूस गुलाम होतो. आपल्या चळवळीने वतनाचा हिशेब मागितला. आखाड्याचा मागायचा राहून गेला.

या बाबतीत मुष्टियुद्धाचा धंदा पाहण्यासारखा आहे, कारण तिथे निदान सौदा कागदावर येतो. 4 जुलै 1910 रोजी अमेरिकेत रीनो गावी जॅक जॉन्सन हा एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला काळा विजेता आणि जिम जेफ्रीज हा गोरा यांची झुंज झाली. टेक्स रिकार्ड या ठेकेदाराने बोली लावली होती 1,01,000 डॉलरची. जिंकणाऱ्याला साठ टक्के, हरणाऱ्याला चाळीस. जॉन्सन जिंकला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत गोऱ्यांनी काळ्यांवर हल्ले केले, माणसे मारली. पण साठ टक्के त्याचे होते, ते आधी लिहिलेले होते.

म्हणून तिथे न्याय होता असे कोणी समजू नये. 1937 साली जो लुईला विजेतेपदाची झुंज मिळावी म्हणून ब्रॅडॉकच्या व्यवस्थापकाने काय मागितले? लुईच्या पुढच्या झुंजींवर ठेकेदाराला होणाऱ्या नफ्यातला दहा टक्के वाटा, दहा वर्षे. ठोसे लुईने मारायचे, खायचेही त्यानेच. आजही मुष्टियोद्ध्याच्या रकमेतून व्यवस्थापक तिसऱ्या हिश्शापर्यंत घेतो, प्रशिक्षकाला दहा टक्के द्यायचा रिवाज आहे, पट्टा देणाऱ्या संघटनेची फी निराळी. दोन्ही बाजूंचे जमले नाही, तर संघटना बंद पाकिटात बोली मागवते आणि वाटे ठरलेल्या टक्क्यांनी पाडते. 2000 साली अमेरिकेने मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला. त्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते : झुंजीतून आपल्याला किती पैसा मिळणार, हे ठेकेदाराने मुष्टियोद्ध्याला सांगितलेच पाहिजे. किती द्यावे हे कायदा सांगत नाही, किती आले ते सांगा एवढेच म्हणतो. चाकणच्या ठेकेदाराला हे कलम लावले तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आपल्याकडे कागद नाही, म्हणून पैलवानांनी आपला उपाय शोधला : नुरा कुस्ती. दोघांनी आधीच ठरवून लढायचे आणि इनाम वाटून घ्यायचे. गाव नुऱ्याला शिव्या घालते. मीही घालत असे. पण चैत्र-वैशाखाच्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाचा खुराक कमवायचा आहे आणि गुडघा गेला तर पुकारणारे पंच दवाखान्यात येणार नाहीत, हे ज्याला कळते त्याने दुसऱ्या कष्टकऱ्याशी करार केला, तर त्याला निव्वळ लबाडी म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. फसतो तो वर्गणी देणारा, हेही खरेच.

पुण्यात यापूर्वीही असे हिशेब झाले आहेत. पालवणकर बाळू, चांभार समाजातला थोर गोलंदाज, पूना क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची राखण करी आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकी. जे. जी. ग्रेग त्याला प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल आठ आणे देई, असे सांगतात. फलंदाजीचा सराव मात्र त्याला तिथे मिळत नसे. आठ आण्यांना मी इनामच म्हणेन : पदरात पडले तर पडले, मागता येत नाहीत.

आता रकमा वाढल्या आहेत. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात आमच्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदेसोबत थार जीप आणि पाच लाख रुपये मिळाले. उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर आणि अडीच लाख. पण त्याआधी, एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याला हाच किताब जिंकलेल्या पृथ्वीराज पाटीलला जाहीरपणे सांगावे लागले होते की, गदा मिळाली, रोख बक्षीस मिळाले नाही. तोच किताब, तीच गदा, मध्ये नऊ महिने. एवढा फरक पडू शकतो, कारण विजेत्याला काय मिळावे हे आयोजकाची ऐपत आणि हौस ठरवते. राज्याच्या विजेत्याची ही कथा, तर यात्रेतल्या पोराने कोणाकडे दाद मागायची?

माझ्या विद्यार्थ्याला त्या बरोबरीच्या कुस्तीत अकराशे मिळाले. भोंग्यावर पाच हजार पुकारले होते. उरलेले "देणगीदार आले नाहीत" म्हणून गेले. आता तो एक वही करतो आहे : गाव, तारीख, पुकारलेली रक्कम, हातात पडलेली रक्कम. येत्या हंगामात हौद्यात उतरण्याआधी पंचांपैकी एकाची तीवर सही घेणार म्हणतो. सही मागितली तर पुढच्या साली जोडच लावणार नाहीत, असे त्याचा वस्ताद त्याला बजावतो आहे. वस्ताद चुकीचे सांगत नाही. मी त्याला एवढेच म्हटले, की वहीत आणखी एक रकाना आख, हलगीवाल्याला काय मिळाले त्याचा.

त्याने आखला. पहिल्या पानावर, चार गावांपुढे, तो रकाना अजून रिकामा आहे. त्याने विचारले होते, पण हलगीवाल्यांनी आकडा सांगितला नाही. एक जण नुसता हसला म्हणे.