पापणीची भरपाई

शस्त्रवैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमक्या सालीं अमक्यानें अमुक अवयव प्रथम कापला, तमक्यानें तो प्रथम जोडला, अशी ती यशाची मालिका असते. परंतु ज्या शस्त्रक्रिया बिघडल्या, त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न इतिहासकार क्वचितच विचारतात. आमच्या मतें एखाद्या विद्येची खरी परीक्षा तिच्या विजयांत नसून स्वतःची चूक ओळखण्याच्या व सुधारण्याच्या सामर्थ्यांत असते. हें विधान पडताळून पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक लहानसें क्षेत्र निवडलें आहे; तें म्हणजे मनुष्याची पापणी.

वाचकांस हा विषय किंचित् क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. वयपरत्वें लोंबूं लागलेली पापणी कापवून चेहरा तरुण करून घेणें हा सुखवस्तु लोकांचा शोक. तो अंगाशीं आला तर त्यांत हळहळण्यासारखें काय आहे, असें पुष्कळांस वाटतें. पण पापणी म्हणजे केवळ डोळ्यांची शोभा नव्हे. तिची कातडी सर्व शरीरांत पातळ, एक मिलिमीटरहूनहि कमी जाडीची असते. ती मिनिटांतून अनेक वेळां मिटते, आणि प्रत्येक वेळीं अश्रूंचा पातळ थर बुबुळावर सारवून जाते. हें सारवण थांबलें कीं बुबुळावरील पारदर्शक पटल कोरडें पडतें, त्याला व्रण होतो, आणि प्रसंगीं दृष्टीहि जाते. म्हणून पापणीची कातडी चार मिलिमीटर जास्त कापली गेली, तर तेवढ्यानें केवळ रूप बिघडतें असें नाहीं. डोळाच धोक्यांत येतो.

ही गोष्ट प्राचीनांस ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें आपल्या वैद्यकावरील ग्रंथाच्या सातव्या भागांत वरच्या पापणीची सैल कातडी कापण्याची रीति सांगितली आहे. नवल असें कीं, रीति सांगून तो थांबत नाहीं. ती बिघडल्यास काय होतें, तेंहि सांगतो. कातडी फाजील कापली तर डोळा मिटत नाहीं. ग्रीक लोक या विकाराला सशाच्या डोळ्याचें नांव देत, कारण ससा उघड्या डोळ्यांनीं झोपतो अशी समजूत होती. पुढें सेल्सस स्पष्टच लिहितो कीं, पापणीचा फार मोठा भाग गेला असेल तर कोणत्याहि उपायानें तो परत मिळत नाहीं. थोडा गेला असेल तर मात्र इलाज आहे. भुंवईच्या खालीं चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, त्याचीं टोकें खालच्या बाजूस असावीं, आणि जखमेंत कापसासारखा बोळा भरून ती उघडी ठेवावी, म्हणजे मध्यें नवें मांस भरून पापणी लांबेल, असा हा इलाज होता. उघडी ठेवलेली जखम भरतांना आक्रसते, हें आज आपणांस माहीत असल्यामुळें या उपायाची मर्यादा आपल्या ध्यानांत येते. तरी जें उणें झालें आहे तेंच घातलें पाहिजे, हें मूळ तत्त्व बरोबरच होतें. आणि शस्त्रवैद्याच्या हातून होणारी चूक ग्रंथांत उघडपणें नमूद करण्याचा त्याचा प्रामाणिकपणा तर सर्व काळीं अनुकरणीय आहे.

आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत हाच विषय निराळ्या निमित्तानें आला आहे. तेथें सौंदर्याचा प्रश्न नाहीं. पक्ष्मकोप, म्हणजे पापणीचे केस आंत वळून डोळ्याला टोंचणें, या रोगावर वरच्या पापणीची कातडी यवाच्या आकारानें कापून ती केसानें शिवावी, असें सांगितलें आहे. पण आमचें लक्ष वेधतें तें त्यांतील मापानें. भुंवईच्या खालचे दोन भाग आणि पक्ष्मालगतचा एक भाग सोडून मग मधली कातडी घ्यावी, असा तो नियम आहे. म्हणजे काय कापावें हें सांगण्याआधीं काय सोडावें हें सांगितलें आहे. वरच्या पापणीवर शस्त्र धरणारे आजचे वैद्यहि भुंवईपासून पापणीच्या कडेपर्यंत निदान सुमारें २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहील अशी खबरदारी घेतात. प्राचीनांना सर्व आधुनिक शोध ठाऊक होते असें म्हणण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिला आम्ही येथें उत्तेजन देऊं इच्छीत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, अनुभवी हाताला दोन्ही काळीं एकच भय होतें.

नाहींसें झालेलें परत कसें द्यावें, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि त्या उत्तराच्या आरंभीं पुण्याचें नांव येतें. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नांवाचा मराठा बैलवाला टिपूच्या हातीं सांपडून त्याचें नाक कापलें गेलें. पुढें पुण्याकडे एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसानें कपाळाच्या कातडीचें त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत छापून आली. ती वाचून कार्प्यू यानें १८१४ मध्यें लंडनला तसाच प्रयोग केला. जर्मनींत फॉन ग्रेफे यानें १८१८ मध्यें नाक बनविण्यावर ग्रंथ लिहिला, आणि पापणी नव्यानें घडविण्याच्या क्रियेला ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ हें नांव त्यानेंच दिलें. १८२९ मध्यें हॅम्बर्गच्या फ्रिके यानें कानशिलाची कातडी वळवून पापणी केली. शेजारची कातडी मुळाशीं न तोडतां वळवून आणावयाची, ही युक्ति जी नाकाला लागू पडली तीच पापणीला लागू पडली.

परंतु शेजारची कातडी जाड; पापणीला ती ओझें होते. यापुढील पाऊल ग्लासगो येथील नेत्रवैद्य वुल्फ यानें १८७५ मध्यें टाकलें. बाहेर उलटलेल्या खालच्या पापणीसाठीं त्यानें रोग्याच्या हाताची कातडी पूर्ण जाडीची घेतली, तिच्या खालची चरबी काळजीपूर्वक खरवडून काढली, आणि ती मूळापासून सुटी करून जखमेवर बसविली. ती जगली. तेव्हांपासून अशा कातडीला त्याचेंच नांव मिळालें आहे. सेल्ससनें ज्या पोकळींत बोळा भरला होता, तींत अठराशें वर्षांनीं जिवंत कातडी भरली गेली.

या विद्येला खरी गति दिली ती दोन महायुद्धांनीं. १९१६ च्या जटलंडच्या नाविक लढाईंत ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेवरील वॉल्टर यो या खलाशाच्या वरच्या व खालच्या पापण्या नष्ट झाल्या. १९१७ मध्यें हॅरल्ड गिलीज यानें छातीच्या कातडीचा मुखवट्यासारखा पट्टा त्याच्या डोळ्यांभोंवतीं बसविला. दुसऱ्या महायुद्धांत गिलीजचा आप्त आर्चिबाल्ड मॅकिंडो ईस्ट ग्रिन्स्टेड येथें विमानांत भाजलेल्या तरुण वैमानिकांवर उपचार करीत असे. भाजलेल्या पापण्या आक्रसून डोळे उघडे पडत. त्यांना नवी कातडी देणें हें त्याच्या कामांतील पहिल्या निकडीचें काम होतें. या रोग्यांनीं १९४१ मध्यें ‘गिनी पिग क्लब’ स्थापन केला. आपण प्रयोगाचे प्राणी आहों, हें त्यांनीं हंसत हंसत मान्य केलें होतें.

आतां सौंदर्याकडे वळूं. शिकागोचा मिलर १९०६ च्या सुमारास डोळ्यांभोंवतींच्या सैल घड्या कापण्याविषयीं लिहूं लागला होता. पॅरिसची सुझान नोएल ही बाई पहिल्या महायुद्धांत चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांवर काम करून तयार झाली होती. १९२६ मध्यें तिनें सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्यावर पुस्तक लिहिलें. सुरकुतलेल्या चेहऱ्यामुळें स्त्रीला नोकरी मिळत नसेल, तर ती सुरकुती केवळ हौसेची बाब राहत नाहीं, असा तिचा विचार होता. पुढें १९५१ मध्यें कास्तान्यारेस यानें डोळ्यांच्या खोबणींतील चरबीच्या कप्प्यांचें वर्णन केलें, आणि कातडीबरोबर चरबीहि सढळ हातानें काढली जाऊं लागली. परिणाम कांहीं वर्षांनीं दिसला. फुगीर डोळे खोल गेले. तरुण दिसण्यासाठीं आलेलीं माणसें आजाऱ्यासारखीं दिसूं लागलीं. तेव्हां १९८१ मध्यें ब्राझीलच्या लोएब यानें व १९९५ मध्यें अमेरिकेंतील हाम्रा यानें चरबी टाकून न देतां ती खळग्यावर पसरावी, असें प्रतिपादन केलें. सोडण्याचा जुना नियम असा फिरून दारीं आला.

आज ज्याची शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाहीं, त्याच्यापुढें कोणते मार्ग आहेत? पहिला मार्ग वाट पाहण्याचा. सूज उतरण्यास व वण मऊ होण्यास बहुधा सहा महिने लागतात. तोंवर मलम, कृत्रिम अश्रु आणि हलकें मर्दन यांनीं कित्येक तक्रारी आपोआप ओसरतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच डोळा ठणकून फुगूं लागला किंवा दिसेनासें झालें, तर आंत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तेथें एक तासहि दवडतां कामा नये. उघडें पडलेलें बुबुळ कोरडें पडून दुखूं लागलें, तर तेथेंहि सहा महिने थांबणें नाहीं. वरच्या पापणीची कातडी खरोखरच कमी पडली असेल, तर वुल्फच्या रीतीनें दुसऱ्या पापणीची किंवा कानामागची कातडी लावतात. खालची पापणी ओढली गेली असेल, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशीं तिला ताण देऊन हाडाच्या आवरणाशीं बांधतात. हाडापर्यंत आधार हवा असेल तेव्हां टाळूच्या अस्तराचा तुकडा आंत बसवितात, किंवा गालच वर उचलून कातडी मिळवितात. पापणी उचलणारा स्नायु सैल झाला असेल तर तो पुन्हां जोडतात. खोल गेलेल्या जागीं रोग्याचीच चरबी भरतात. टोंचून भरावयाचीं द्रव्येंहि निघालीं आहेत, पण तीं चुकून रक्तवाहिनींत गेलीं तर दृष्टि जाऊं शकते, हें विसरतां येत नाहीं. डावेंउजवें थोडें असमान राहिलें असेल, तर कांहीं न करणें हाच कित्येकदां शहाणपणा ठरतो, कारण प्रत्येक नवा छेद नवा वण ठेवून जातो.

ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट मनांत भरते. यांतील बहुतेक उपाय सैनिक, भाजलेले वैमानिक व रोगी यांच्यासाठीं निघाले. ते आज हौसेनें शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्याच्याहि कामीं येतात. जो स्वतःच्या इच्छेनें शस्त्राखालीं गेला त्याला हंसण्याची समाजाची वृत्ति असते, आणि त्या हंसण्याच्या भयानें तो पुष्कळदां आपली पीडा लपवितो व उशीर करून बसतो. पण कोरड्या पडणाऱ्या बुबुळाला आपला धनी शूर होता कीं हौशी होता, याचा पत्ता नसतो. विद्येनेंहि तो भेद करूं नये.

दुसरी गोष्ट वैद्यांविषयीं. सेल्ससनें चूक लिहून ठेवली म्हणूनच तिच्यावर इलाज शोधतां आला. आजहि दुरुस्तीची पहिली पायरी हत्यार नव्हे, तर येथें जास्त कापलें गेलें आहे हें रोग्याला सांगण्याचें धैर्य ही होय. आणि त्याच्यापुढें ज्या रोग्याला पहिल्याच शस्त्रक्रियेस जावयाचें आहे, त्यानें शस्त्रवैद्याला तुम्ही किती काढणार असें न विचारतां, किती ठेवणार असें विचारावें. दोन हजार वर्षांच्या इतिहासानें या बाबतींत जें शिकविलें तें एवढ्या एका प्रश्नांत मावतें.