मॉन्सून कॉफी

कच्च्या कॉफी बिया नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दमट हवेत अनेक आठवडे उघड्या ठेवून तयार केलेला कॉफीचा एक प्रकार. व्यापारात तो ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ओळखला जातो. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंद’ म्हणत.

फळातून बी वेगळे करण्याच्या पद्धतीवर कॉफीचा स्वाद बराचसा अवलंबून असतो. ओल्या पद्धतीत साल काढून, चिकट गर किण्वनाने सुटा करून बिया धुतात. अशा अरेबिका कॉफीला भारतात ‘प्लँटेशन’ म्हणतात. तिची चव स्वच्छ व किंचित आम्ल असते. कोरड्या पद्धतीत सबंध फळ उन्हात वाळवतात. ही ‘चेरी’ होय. मॉन्सून कॉफीसाठी चेरी वापरतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात मलबार किनाऱ्यावरील कॉफी शिडाच्या लाकडी जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी यूरोपात पोहोचे. वाटेत सागरी आर्द्रतेमुळे बिया फुगून फिकट पिवळ्या होत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. आगबोटींमुळे प्रवास काही आठवड्यांवर आला, मुंबई बंदराची भरभराट झाली. मात्र कॉफीची जुनी चव हरवली. ग्राहकांना तीच चव हवी असल्याने प्रवासात योगायोगाने घडणारी क्रिया पुढे किनाऱ्यावरच हेतुपूर्वक करण्यात येऊ लागली, असे परंपरेने सांगितले जाते.

प्रक्रिया : जून ते सप्टेंबर या काळात मंगळूर व मलबार किनाऱ्यावरील हवेशीर वखारींत बियांचे १० ते १५ सेंमी. जाडीचे थर पसरून ते वारंवार उलथतात. नंतर बिया तागाच्या पोत्यांत सैल भरून पोती वारा खेळेल अशी रचतात व ठराविक काळाने पुन्हा भरतात. बियांतील आम्लता घटते. पेयाला दाटपणा व मातकट स्वाद येतो. ओल प्रमाणाबाहेर गेल्यास बुरशी धरून माल वाया जातो. काही जाणकार या स्वादाला गुण मानतात, तर काही दोष. या कॉफीला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले आहे.

मुंबईतील कॉफी : कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये चर्चगेट येथे ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. दादरलगतच्या माटुंग्यात दाक्षिणात्य उपाहारगृहांमुळे गाळणीची कॉफी रुजली. तिचा स्वाद वेगळ्या संस्कारातून येतो : प्लँटेशन किंवा एकदाणी ‘पीबेरी’ बियांच्या भुकटीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळल्याने रंग गडद होतो व कडवटपणा वाढतो. मंगळूरला कच्च्या बियांचे मोल वाढविणारा पावसाळी वारा गिरगाव-परळच्या घरांत मात्र कॉफीचा शत्रू ठरतो; कारण भाजून दळलेली कॉफी ओल शोषून गंध गमावते. म्हणून ती झाकणबंद डब्यातच ठेवावी लागते.