'जंबो' शब्दाची जन्मकथा

'जंबो' हा शब्द कानांवर आला नाहीं असें घर आज शहरांत सांपडणें कठीण. साबणाच्या मोठ्या वडीवर तो असतो, बिस्किटांच्या पुड्यावर असतो, आणि मंत्र्यांची गर्दी झाली कीं मंत्रिमंडळालाही वर्तमानपत्रें तोच शब्द लावतात. 'फार मोठा' एवढाच अर्थ आपण धरून चालतों. परंतु आकारवाचक म्हणून हा शब्द जगभर पसरला तो एका हत्तीमुळें. आणि त्या हत्तीच्या मोठेपणांत खरें किती व जाहिरातीचें किती, हें आज सांगावयाचें आहे.

आरंभींच एक मोह टाळला पाहिजे. संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांस 'जंबु' आठवल्यावांचून राहणार नाहीं. ज्या जांभळाच्या वृक्षावरून जंबुद्वीपास नांव पडलें, त्याचीं फळें हत्तीएवढीं असतात असें विष्णुपुराण सांगतें. एका विद्यार्थ्यानें वर्गांत ही जोडी माझ्यापुढें टाकली तेव्हां क्षणभर मीही भुललों होतों. पण ध्वनीचें साम्य म्हणजे नातें नव्हे, आणि या दोन शब्दांचें नातें मुळींच नाहीं.

इंग्रजींत हा शब्द त्या हत्तीहूनही जुना आहे. १८२३ सालच्या लंडनच्या बाजारू बोलीच्या कोशांत बोजड, बेढब माणसास 'जंबो' म्हटलेलें आहे. त्याच्याही मागें 'मंबो-जंबो' उभा आहे. पश्चिम आफ्रिकेंतील मांडिंगो लोकांत झाडाच्या सालीचा पोशाख व मुखवटा घालून एक इसम गांवांत येई आणि घरगुती भांडणें मिटवी. मिटवी म्हणजे बहुधा स्त्रियांना धाक घाली. फ्रान्सिस मूर यानें १७३८ त व मंगो पार्क यानें १७९९ त छापलेल्या प्रवासवर्णनांत तो आढळतो. त्याचाच तुटलेला तुकडा म्हणजे 'जंबो' असावा. कोणी काँगोकडील 'न्झांबा', म्हणजे हत्ती, या शब्दाकडे बोट दाखवितात. स्वाहिली भाषेंत भेटतांना म्हणतात त्या 'जांबो'वरूनही कांहीं जण हें नांव काढतात; पण हा हत्ती स्वाहिली मुलखांतला नव्हे, म्हणून ती व्युत्पत्ति मला पटत नाहीं.

तो सुदान व ॲबिसिनिया यांच्या बाजूस १८६० नंतर लौकरच पकडलेला पिलू. प्रथम पॅरिसला गेला. १८६५ सालीं एका गेंड्याच्या बदल्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत आला. आला तेव्हां अगदीं मरणोन्मुख होता. मॅथ्यू स्कॉट नांवाच्या रखवालदारानें शुश्रूषा करून त्याला जगविला. पुढें सोळा वर्षें लंडनचीं मुलें त्याच्या पाठीवर बसून फिरलीं. दिवसा इतका गरीब असणारा हा प्राणी रात्रीं मात्र कोठडीच्या भिंतींवर धडका देई. अधीक्षक बार्टलेट यास भय पडलें आणि १८८२ त अमेरिकन सर्कसवाला बार्नम यास जंबो २,००० पौंडांस विकला गेला.

मग इंग्लंडांत जो गहजब झाला त्यास तोड नाहीं. मुलांनीं व्हिक्टोरिया राणीस पत्रें लिहिलीं, संग्रहालयाच्या सभासदांपैकीं कांहींनीं कोर्टांत दावा लावला, तो ते हरले. निघावयाच्या दिवशीं हत्ती रस्त्यांतच बसला. खुशाल आठवडाभर बसूं द्या, एवढी जाहिरात पैसे देऊन मिळत नाहीं, असें बार्नमनें कळविल्याचें सांगतात. खरोखरच, त्या कांहीं आठवड्यांत एका जनावराचें नांव घरोघरचा शब्द झालें.

९ एप्रिल १८८२ रोजीं जंबो न्यूयॉर्कला उतरला. बार्नम त्याची उंची अवाच्या सवा सांगे. पण कोणास माप मात्र घेऊं देत नसे! १५ सप्टेंबर १८८५ रोजीं कॅनडांत सेंट टॉमस गांवीं आगगाडीच्या धडकेनें जंबो मेला, तरी मापाचा खेळ थांबला नाहीं. पेंढा भरणाऱ्यांस बार्नमची सूचना होती कीं तो होईल तितका मोठा दिसावा, आणि त्यांनीं कातडें ताणून तो बारा फुटांपर्यंत नेला. तें कातडें टफ्ट्स कॉलेजांत होतें; १९७५ च्या आगींत जळालें व थोडी राख भुईमुगाच्या लोण्याच्या बरणींत भरून ठेवली गेली.

हाडें न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत शाबूत आहेत. त्यांची तपासणी होऊन २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मरतेवेळीं वय सुमारें चोवीस, उंची सुमारें साडेदहा फूट. त्या वयाच्या रानांतील हत्तींपेक्षां तो उंच होता खरा, पण जाहिरातीएवढा नव्हे. याहून महत्त्वाचें म्हणजे त्याच्या दाढा वेड्यावांकड्या वाढलेल्या आढळल्या. रानांत हत्ती झाडांच्या साली व फांद्या चावतो, त्यानें दाढा झिजतात. यास वर्षानुवर्षें मऊ गवत मिळालें. ज्या रात्रींच्या रागास भिऊन त्याला विकला, तो दाढदुखीचा असण्याचा पुष्कळ संभव आहे. स्कॉटला हें कोणी सांगितलें असतें तर!

शब्दाचें पुढील चरित्र थोडक्यांत सांगतां येतें. दुकानदारांनीं तो उचलला. मग १९६९ सालीं बोइंग ७४७ विमान उडालें, त्यास 'जंबो जेट' नांव पडलें. 'सम्राट अशोक' हें एअर इंडियाचें पहिलें जंबो १९७१ त मुंबईस आलें. त्या जातीचें शेवटचें विमान २०२३ सालीं कंपनीनें ग्राहकाच्या स्वाधीन केलें. दुकानांत मात्र जंबो अजून आहे. तो नेमका किती ग्रॅमचा, याचें उत्तर वेष्टणागणिक निराळें.